सात दरवाजे आणि रिकामी सम

आमच्या बँडमध्ये दोन पक्ष आहेत, हे आधीच सांगून टाकतो. त्याशिवाय पुढची भांडणं कळायची नाहीत. ड्रमर रेगेवाला. सत्तरच्या दशकात जमैकातल्या किंग्स्टन शहरात जे वाजलं त्यानंतर जगात ऐकण्यासारखं फारसं काही झालंच नाही, असं त्याचं ठाम मत. गिटारवाला प्रोग्रेसिव्ह रॉकचा. पंधरा मिनिटांच्या आत संपणारं गाणं त्याला अर्धवट वाटतं. चारच्या तालात सुखानं चाललेलं काही दिसलं, की त्यातली एक मात्रा कुठून काढता येईल या विचारात तो असतो. मी बेसवर, म्हणजे दोघांच्या मधे. की-बोर्ड आणि गाणं ताईंकडं. त्या एरवी कोल्हापुरातल्या राजारामपुरीत हार्मोनियम शिकवतात आणि वयानं आम्हा सगळ्यांपेक्षा मोठ्या, त्यामुळं भांडण मिटवायचं कामही त्यांच्याकडंच. पाचवा माणूस स्टेजवर दिसत नाही. तो मिक्सरवर बसतो, पण आमच्यासारख्या बँडमध्ये त्यालाही वादकच धरावं लागतं.

आम्ही पाच जणांनी पंचगंगेच्या पुरावर एक लांबलचक रचना बांधली. सात मात्रांतला रेगे. ‘असलं कुठं असतंय व्हय?’ असं आम्हाला बऱ्याच जणांनी विचारलं, त्यात आमच्या ड्रमरचाही नंबर होता.

त्याची शंका खरी होती. रेगे शिकताना काय वाजवायचं नाही, हे आधी शिकावं लागतं. एक-दोन-तीन-चार मोजा. रॉकमध्ये एकवर किक, म्हणजे पायानं वाजवायचा मोठा ड्रम, बसते आणि गाणं तिथं पाय रोवतं. रेगेच्या ‘वन ड्रॉप’ ठेक्यात एकवर ड्रम नसतोच. किक आणि स्नेअरच्या कडेवर आडवी मारलेली काठी, दोन्ही एकदम तीनवर पडतात. गिटार दोन आणि चारवर, तीही तुटक, तार दाबून लगेच सोडलेली. याला स्कँक म्हणतात. ऑर्गन दोन्ही हातांनी आलटून पालटून उरलेल्या फटींत वाजतो, तो बबल. गाण्याची चाल धरून ठेवतो तो बेस. बॉब मार्लीच्या वेलर्स बँडमधले कार्लटन आणि अ‍ॅस्टन बॅरेट हे सख्खे भाऊ, एक ड्रमवर, एक बेसवर. ड्रमरनं तालमीच्या खोलीत त्यांचा फोटो लावलाय आणि मी फार सूर वाजवायला लागलो की तो काठीनं त्या फोटोकडं बोट दाखवतो.

प्रोग्रेसिव्ह रॉकचं सगळं उलटं. १९६९ नंतर इंग्लंडात हे जोरात सुरू झालं. एका गाण्यात तीन गाण्यांचा ऐवज, पाच-सात-अकरा मात्रांचे हिशेब, मधेच सगळं थांबवून नवीनच काहीतरी सुरू करणं. तिथं रिकामी जागा दिसली की भरायची. म्हणजे एकाचा जीव रिकाम्या जागेत आणि दुसऱ्याचा ती भरण्यात. हे दोन एकत्र वाजवायचे तर कुणीतरी मरणार, हे उघड होतं.

असे प्रयोग आधी झालेत. कॅनडाच्या रश बँडनं १९८० मध्ये एका गाण्याच्या शेवटाकडं सरळ रेगे घुसवला. इझी स्टार ऑल-स्टार्सनी २००३ मध्ये पिंक फ्लॉइडचा १९७३ चा चंद्रावरचा अख्खा अल्बम रेगे आणि डबमध्ये वाजवून काढला. हे आम्ही भरपूर ऐकलं. पहिल्या प्रकारात रेगे पाहुण्यासारखा येतो, चार ओळी राहतो आणि जातो. दुसऱ्यात गाणी आधीच तयार, त्यांना ठेका नवा. आम्हाला मुळापासून दोन्ही हवं होतं. ड्रमरकडं यावर एक तयार उत्तर असायचं. पिंक फ्लॉइडचं त्याच अल्बममधलं पैशावरचं गाणं सात मात्रांत आहे, पण गिटारचा सोलो आला की ते सरळ चारवर येतं. ‘त्यांनी सुद्धा सोलोला चार घेतला, लगा! आपण कोण लागून गेलो?’

आमची तालीम उद्यमनगरात, एका वर्कशॉपच्या माळ्यावर. खाली लेथ. वर्कशॉपला सुट्टी असेल त्या दिवशी आम्ही वर. शेजारी तक्रार करत नाहीत, कारण शेजारी पण वर्कशॉपच आहे.

गिटारवाल्यानं पहिला नमुना आणला तो असा : ड्रम सातात फिरवायचे, पण गिटारचा स्कँक एक सोडून एक मात्रेवर न अडखळता चालू ठेवायचा. कागदावर बघायला सुंदर. पहिल्या आवर्तनात स्कँक दोन, चार, सहावर येतो. सात विषम असल्यामुळं दुसऱ्या आवर्तनात तोच स्कँक एक, तीन, पाच, सातवर. चौदा मात्रांनी चक्र पुरं. ऐकणाऱ्याची मान एका लयीत हलत राहते आणि खालची जमीन सरकत असते. गिटारवाल्याचा चेहरा असा फुलला होता, की नाही म्हणवेना. पण वाजवल्यावर कळलं की दर दुसऱ्या आवर्तनाला स्कँक नेमका समेवर, म्हणजे एकवर, आदळतोय. रेगेमध्ये जी जागा मोकळी सोडायची तीच भरली जात होती. ड्रमरनं काठ्या खाली ठेवल्या आणि चहाला गेला.

ताई तोवर गप्प होत्या. की-बोर्डच्या कडेवर बोटांनी काहीतरी मोजत होत्या. म्हणाल्या, ‘अरे, सातात रिकामी सम हवीय ना? मग रूपक घ्या की.’

रूपक हा सात मात्रांचा ताल आम्ही सगळ्यांनीच ऐकलेला. या शहरात राहून कधी ना कधी देवल क्लबच्या मैफलीला जाऊन बसावंच लागतं. अल्लादियाखाँसाहेबांची गायकी ज्या गावात वाढली तिथं लयीचे हिशेब लोकांच्या कानावरून जातातच. पण आपल्या गिटार-बेसच्या कामात तो येईल असं डोक्यात नव्हतं. तबल्याचा ठेका बघा : तीं तीं ना, धीं ना, धीं ना. तीन-दोन-दोन. एरवीच्या तालांत समेला टाळी असते. रूपकात सम आणि काल एकाच जागी. पहिल्या मात्रेला हात हवेत फिरवायचा. तबलजीसुद्धा पहिल्या तीन मात्रा डग्ग्याची घूम न काढता वाजवतो, घूम येते ती चौथ्या मात्रेला, धीं वर.

ताईंनी हे वाजवून दाखवलं आणि मग त्यावर आमची वाद्यं ठेवली. डग्गा जिथं पहिल्यांदा घुमतो तिथं, चौथ्या मात्रेवर, ड्रमची किक आणि काठी. जिथं जिथं ‘ना’ आहे, म्हणजे तीन, पाच आणि सातवर, तिथं गिटारचा स्कँक. एकवर कुणी नाही. दोनवर पण कुणी नाही. सातच्या स्कँकनंतर सगळ्यात मोठी फट येते ती बरोबर समेच्या आजूबाजूला. ड्रमर चहाचा ग्लास हातात घेऊन दारात उभा होता, तो तसाच येऊन बसला.

पहिल्यांदा ते लंगडं वाटलं. चारच्या रेगेत पुढचा स्कँक कधी येणार हे अंगाला माहीत असतं. इथं प्रत्येक आवर्तनाला एकदा पाय हवेत राहतो. त्या हवेतल्या पायाला घाई करायची नाही, हे जमायला फार तालमी गेल्या. सगळ्यात अवघड मलाच गेलं. बेसवाल्याला सम दिसली की मूळ स्वर लावायची खाज असते. मी बेसला फ्लॅटवूंड तारा चढवल्या, टोनचा नॉब पूर्ण बंद केला, घोडीजवळ तारांखाली भांडी घासायच्या स्पंजचा तुकडा सरकवला आणि अंगठ्यानं वाजवायला लागलो. असं केलं की स्वर गोल निघतो आणि लवकर विझतो. मग समेवर गप्प बसणं जरा सोपं जातं, कारण आधीचा स्वर तिथवर रेंगाळतच नाही.

ताईंनी हॅमंड ऑर्गनचा आवाज निवडला, तो दोन्ही पक्षांना मान्य. रेगेत हाच ऑर्गन तुटक बुडबुडतो, आणि प्रोग्रेसिव्ह रॉकमध्ये हाच सगळे ड्रॉबार ओढून, फिरत्या लेस्ली स्पीकरमधून गरजतो. एकाच बटणावर दोन्ही घराणी नांदतात.

ताल मिळाला, तरी गाणं कशाचं हे ठरलेलं नव्हतं. मला स्वतःला असं वाटतं की सात मात्रा नुसत्या हुशारी दाखवायला वाजवल्या तर दोन मिनिटांत कंटाळा येतो. पूर हा विषय ड्रमरकडून आला. शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत त्याचं घर. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगा राजाराम बंधाऱ्याजवळ ५५ फुटांच्या वर गेली होती. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली, गावात दूध-पेट्रोलची बोंब, चिखली-आंबेवाडीची माणसं बोटीनं बाहेर काढलेली. ड्रमरचा पहिला ड्रमसेट त्या पाण्यात गेला. प्लायवूडची पिंपं फुगली आणि त्यांचे पापुद्रे सुटले. रेगे गाणाऱ्यांनी आपल्या वस्तीचं दुखणं गायलं, मग आपण किंग्स्टनच्या वस्तीचं कशाला गायचं, एवढंच तो म्हणाला.

कोल्हापुरात पावसाळ्यात लहान पोरालाही दोन आकडे पाठ असतात. ३९ फूट इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. दर काही तासांनी मोबाईलवर संदेश फिरतो, बंधाऱ्यावर इतके फूट इतके इंच. ताईंनी ते संदेशच गायला घेतले. गायले म्हणण्यापेक्षा ठेक्यावर बोलले. जमैकात यू-रॉयसारखे डीजे वाजत्या रेकॉर्डवर असंच तालात बोलायचे, त्याला टोस्टिंग म्हणत. ताईंना ते नाव सांगितल्यावर त्या म्हणाल्या, ‘म्हणजे बातमीपत्रच की.’ शब्द कोरडे ठेवायचे, हे त्यांनीच ठरवलं. ‘राजाराम बंधारा, एकोणचाळीस फूट चार इंच’. यात रडगाणं घालायची गरज नाही. ज्यानं माळ्यावर सामान चढवलंय त्याला त्या चार इंचांचा अर्थ कळतो.

मग रचनेचे भाग पडले. पहिला संगम. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती अशी एकेक वाद्यं येतात आणि प्रयाग चिखलीला मिळतात. मिक्सरवाला लगेच म्हणाला, ‘आणि मी गुप्त सरस्वती.’ तेव्हापासून त्याला सगळे सरस्वतीच म्हणतात. दुसरा भाग इशारा, म्हणजे रूपकातला साधा रेगे. तिसरा दरवाजे. चौथा धोका. शेवटचा गाळ.

तिसऱ्या भागाबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण तिथंच दोन्ही पक्षांचं जमलं.

शाहू महाराजांच्या काळात सुरू झालेल्या राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरावीक उंचीला गेलं की ते आपोआप उघडतात. पावसाळ्यात ‘राधानगरीचा अमुक नंबरचा दरवाजा उघडला’ अशी बातमी आली की नदीकाठचं सगळं गाव कान टवकारतं. सात दरवाजे, सात मात्रा. गिटारवाल्याला हे सुचलं. सुरुवातीला अख्ख्या बँडनं फक्त एका मात्रेवर वाजवायचं, मग एकेक मात्रा उघडत जायची, सातवी उघडली की पूर. रेगेची रिकामी जागा डोळ्यांदेखत बुडते आणि प्रोग्रेसिव्हवाल्यांना जे भरायचं असतं ते भरायला कारण मिळतं. ड्रमरलाही यावर बोलायला जागा राहिली नाही. तो फक्त म्हणाला, सम शेवटी. सम सगळ्यात शेवटी बुडली पाहिजे.

पण बाकीच्यांचा क्रम काय? एक-दोन-तीन असं सरळ भरलं तर पहाडा म्हटल्यासारखं होतं. उत्तर सरस्वतीकडून आलं, तेही चुकून नव्हे, त्याच्या धंद्यातून. तो डबचा भक्त. डब म्हणजे तयार रेगे गाण्यातून वाद्यं काढून टाकायची, उरलेल्यांवर प्रतिध्वनी सोडायचा, आणि हे सगळं मिक्सरवर, हातानं, गाणं चालू असताना करायचं. याचा मोठा उस्ताद किंग टबी मूळचा इलेक्ट्रिकचं काम करणारा, अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करणारा माणूस. आमचा सरस्वतीसुद्धा दिवसा लक्ष्मीपुरीत अ‍ॅम्प्लिफायर उघडून बसलेला असतो, म्हणून त्याला टबी हा घरचा माणूस वाटतो.

आमची गती मिनिटाला १४० मात्रा. म्हणजे एक मात्रा ४२९ मिलिसेकंदांची आणि सात मात्रांचं आवर्तन बरोबर ३ सेकंदांचं. सरस्वतीनं प्रतिध्वनी तीन मात्रांवर लावला, सुमारे १२८६ मिलिसेकंद. ड्रमरनं चौथ्या मात्रेवर एकच ठोका मारला. पडसाद सातवर आला. पुढचा त्याच्यापुढं तीन मात्रांनी, म्हणजे नव्या आवर्तनातल्या तीनवर. मग सहा. मग दोन. मग पाच. आणि सहावा पडसाद आला तो थेट समेवर. सात मात्रांपैकी एकही न चुकवता, एकही दुसऱ्यांदा न घेता, सम शेवटी. हिशेबात त्यात काही चमत्कार नाही. तीननं सातला भाग जात नाही, एवढंच. पण तो पडसाद विझत विझत समेवर पोचलेला ऐकला तेव्हा माळ्यावर मोठा आरडाओरडा झाला. दरवाज्यांचा क्रम ठरला : चार, सात, तीन, सहा, दोन, पाच, एक. खऱ्या धरणावर दरवाजे असे क्रमानं उघडत नाहीत, तिथं पाणी ठरवतं, हे मान्य.

एकेका दरवाज्याला सोळा आवर्तनं, म्हणजे ४८ सेकंद. सात दरवाज्यांना साडेपाच मिनिटांहून थोडं जास्त. सहा दरवाजे उघडे आणि फक्त सम कोरडी, ती ४८ सेकंदं वाजवायला सगळ्यात कठीण. सहाही मात्रांवर मार चाललेला आणि प्रत्येक वेळी एकवर पाचही जणांनी हात आवरायचा. यासाठी क्लिक, म्हणजे लय धरून देणारी टिकटिक, कानात हवाच, नाहीतर सरस्वतीचा पडसाद आणि आम्ही वेगवेगळ्या गावाला जातो. ड्रमरचा क्लिकला विरोध होता. कार्लटन बॅरेटनं कधी क्लिक वापरला का, वगैरे. ताईंनी त्याला विचारलं, तू कार्लटन बॅरेट आहेस का? विषय संपला.

चौथ्या भागात, धोका पातळीला, गिटारवाल्याचा पहिला नमुना आम्ही परत आणला. तोच न अडखळणारा स्कँक, समेवर आदळणारा. आता सम बुडालेलीच होती, त्यामुळं तो आदळला तर बरंच वाटत होतं.

हलगी ही ड्रमरची कल्पना. जमैकातल्या रास्ताफारी पंथाच्या न्याबिंगी वादनात तीन ढोल असतात. मोठा खर्जाचा, मधला धडधड धरून ठेवणारा फुंडे, आणि वरचा केटे, ज्याला मोकळं बोलायची मुभा. आपल्याकडं हलगी, घुमकं आणि कैताळ. कुस्तीच्या मैदानात खासबागेला ज्यानं हलगी ऐकली आहे त्याला वरच्या वाद्यानं मोकळं बोलणं म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. एका तालमीच्या गल्लीतले मामा आम्ही गाठले. त्यांना सात मात्रा मोजून दाखवल्या. त्यांनी हात केला, ‘मोजू नगासा. वाजवून दावा.’ दोन आवर्तनं ऐकली आणि चौथ्या मात्रेला अशी टिपरी मारली की गिटारवाला वाजवायचं थांबवून बघत राहिला. सातवा दरवाजा मामांचा, हे तिथंच ठरलं. सम बुडते ती हलगीनं.

स्टेजवर जाण्याआधी मोठ्या स्पीकरवर ऐकणं गरजेचं होतं. जमैकात साऊंड सिस्टिम म्हणजे रस्त्यावर रचलेल्या स्पीकरच्या भिंती, आणि नवीन रेकॉर्ड आधी तिथं वाजवून बघायची, लोक नाचले तर ठीक. कोल्हापूरकराला यात नवल वाटायला नको. आपण त्या भिंतीला डॉल्बी म्हणतो. डॉल्बीवरून गावात जे वाद होतात त्यात मी विरोधकांच्या बाजूचा आहे, छातीत धडधडणारा आवाज म्हाताऱ्या माणसांच्या दारात नको. पण खर्जाची जाण ज्यांना आहे ती माणसं याच धंद्यात आहेत, हेही खरं. मंडळांना साऊंड भाड्यानं देणारे एक शेठ सरस्वतीच्या ओळखीचे. त्यांच्या गोडाऊनला, गावाबाहेर, भर दुपारी, दोनच बॉक्स लावून आम्ही आमची टेप ऐकली.

शेठ तंबाखू मळत ऐकत होते. संगम ऐकला, इशारा ऐकला. म्हणाले, ‘बेस लई जागी हाय. जरा कमी जागी ठेवा.’ मला वाटलं कमी वाजवा म्हणतायत. तसं नव्हतं. मी वरच्या पट्टीत आणि खालच्या पट्टीत दोन्हीकडं फिरत होतो, त्यामुळं बॉक्सला एका जागी जोर धरता येत नव्हता. बेसच्या सगळ्यात खालच्या तारेचा मोकळा स्वर ४१ हर्ट्झचा. त्याची लाट हवेत आठ मीटरपेक्षा लांब. ती उभी राहायला वेळ आणि जागा दोन्ही लागतात. शेठना हर्ट्झ-मीटर कशाशी कर्तव्य नव्हतं, त्यांना बॉक्सच्या जाळीवर हात ठेवून कळत होतं. इशाऱ्याच्या भागात मी वरचे निम्मे स्वर काढून टाकले. ड्रमर जे इतके दिवस फोटोकडं बोट दाखवून सांगत होता तेच हे, पण ते शेठनी सांगितल्यावर पटलं, याचा त्याला राग आहे.

वाजवायला जागा मिळवणं वेगळंच प्रकरण. केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत जळालं. तेव्हापासून गावातले सगळेच कार्यक्रम जागा शोधत फिरायला लागले, त्यात आमच्यासारख्यांना कोण विचारतो. शेवटी एका खुल्या रंगमंचावर, दोन लावणी आणि एक ऑर्केस्ट्रा झाल्यावर, शेवटची वेळ मिळाली. दहानंतर लाऊडस्पीकर बंद, हा नियम. आमची रचना १९ मिनिटांची. आम्हाला माईक मिळाला तेव्हा साडेनऊ वाजून गेले होते आणि मामा अजून स्टेजच्या मागं कागद पेटवून हलगी शेकत होते. कातडं तापल्याशिवाय हलगी बोलत नाही, आणि त्या दिवशी हवेत ओल होती.

लोक ऑर्केस्ट्रा ऐकून निघायच्या बेतात. संगम झाला तेव्हा निम्मे उभे होते, गाड्यांच्या किल्ल्या हातात. पण ताईंनी ‘एकोणचाळीस फूट’ म्हटलं आणि सरस्वतीनं ते फूट-फूट-फूट करत सोडलं, तसे थांबले. हा आकडा गावात कुणाला थांबवणार नाही? पुढं डॉल्बीपुढं नाचणारी पोरं होती. त्यांनी चौथी मात्रा पकडली. एक-दोन-तीनला काही नाही, चारला पाय. सात बीट आहेत हे कुणी त्यांना सांगितलं नव्हतं, आणि त्यांना गरजही पडली नाही. सहावा दरवाजा चालू असताना एकवर हात वर करून तो हवेतच धरायचा, असं त्यांचं त्यांनीच काढलं. मामांनी समेवर पहिली टिपरी मारली तेव्हा ते हात खाली आले. गिटारवाल्यानं नंतर मला विचारलं, ‘तू पण बघितलंस ना?’

धोक्याच्या भागात पुढच्या रांगा ताईंबरोबर ‘त्रेचाळीस’ म्हणत होत्या. पोलिसांची गाडी कोपऱ्यावर उभी होती. गाळ आम्ही घाईत उरकला, दहाला दोन-तीन मिनिटं असताना शेवटचा पडसाद बंद.

वायरी गुंडाळताना चिखलीचे एक काका स्टेजजवळ आले. वाटलं, आवाजाची तक्रार. म्हणाले, ‘पूर चांगला आणलासा. पण पाणी उतरल्यावर लगीच संपीवलं. तसं न्हाई हुत. खरं काम तवाच सुरू हुतं.’ ड्रमर खाली बसून पायपेडल सोडवत होता. तो वर न बघता म्हणाला, ‘बरोबर हाय काका.’

म्हणून रेकॉर्डिंगला गाळाचा भाग जवळजवळ दुप्पट केला. पूर्ण डब. ड्रमचा एक ठोका, खूप वेळ काही नाही, ऑर्गनचं टोक, बेसचे तीन स्वर. सरस्वती मिक्सरवर एकटा वाजवतो आणि आम्ही चौघं हात बांधून उभे. गिटारवाल्याला त्या साडेचार मिनिटांत दोनदाच तार छेडायची आहे. त्यानं ते निमूटपणे केलं, याची नोंद घ्यावी.

रेकॉर्डिंग माळ्यावरच केलं. खोली बारा फूट लांब, त्यामुळं ४७ हर्ट्झच्या आसपासचा स्वर भिंतींमधे अडकून घुमतो. बेसवर फ शार्प वाजवला की खोली बोलते आणि शेजारचा स्वर वाजवला की गप्प. यावर गाद्या, गोधड्या, ऊबदार पोती असे बरेच उपाय केले. खर्जाच्या लाटेला गोधडीनं काही होत नाही. शेवटी बेस खोलीत घेतलाच नाही, वायरनं सरळ मशिनमध्ये घेतला. हलगी मात्र खोलीतच, आणि प्रत्येक टेकच्या आधी जिन्यात कागद पेटवून. वर्कशॉपच्या मालकांनी एकदा धूर बघून पाण्याची बादली घेऊन धाव घेतली होती.

आता मिक्स चालू आहे. अडचण अशी की बहुतेक लोक हे मोबाईलवर ऐकणार, आणि मोबाईलच्या स्पीकरमधून ४१ हर्ट्झ येतच नाही. तिथं माझा बेस गेला म्हणजे अख्खं गाणं रिकामं. सरस्वती बेसला थोडी खरखर लावून वरचे स्वरांश काढतोय, म्हणजे कान खालचा स्वर आपोआप भरून घेतो. ड्रमरला ती खरखर नको. गिटारवाल्याला अजून हवी. शेठनी दोघांना सांगून ठेवलंय, मोबाईलचं तुमचं तुम्ही बघा, बॉक्ससाठीची टेप वेगळी काढा आणि ती मला आधी द्या.